विम्याचा कागद वाचायचा कसा? शब्दांचा रुपयांत अर्थ

तीन वर्षांपूर्वी नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरसमोर मी उभा होतो. बाबा मागच्या बाकावर बसले होते. पित्ताशयाचं ऑपरेशन नीट झालं होतं, डिस्चार्ज कार्ड हातात आलं होतं, गाडी खाली उभी होती. बिल झालं होतं २ लाख १२ हजार आणि पॉलिसी होती ५ लाखांची. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दादा, अप्रूव्हल १ लाख ५५ हजारांचं आलंय. वरचे ५७ हजार तुम्हाला भरावे लागतील."

बाबांनी बाकावरूनच विचारलं, "काहून? पाच लाखांचा विमा आहे ना आपला?"

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याच कपाटात होतं, पॉलिसीच्या दुसऱ्या पानावर, एका ओळीत. अकरा वर्षं हप्ते वेळेवर भरले, पण ती ओळ कुणी वाचली नव्हती. तेव्हापासून नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या पॉलिसी घेऊन बसायचा मी नेमच केला आहे. एका पॉलिसीला एक संध्याकाळ पुरते. ती संध्याकाळ कशी घालवायची, ते इथे क्रमाने लिहितो. माझ्या मते विम्यातल्या प्रत्येक अवघड शब्दामागे रुपयांचा किंवा दिवसांचा एक आकडा असतो. शब्दाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा आपल्या कागदावरचा तो आकडा शोधावा.

आधी कागद गोळा करा

चार कागद लागतात. पहिला पॉलिसी शेड्यूल, म्हणजे नावं, वयं, रक्कम आणि तारखा असलेलं पान. दुसरा ग्राहक माहिती पत्रक. १ जानेवारी २०२४ पासून आरोग्य विम्यासोबत हे ठरलेल्या नमुन्यात देणं विमा नियामक 'इर्डाई'ने कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. मुख्य अटी त्यात सोप्या भाषेत असतात आणि मागितलं तर ते स्थानिक भाषेतही मिळतं. म्हणून कंपनीला ईमेल करून मराठी प्रत मागवाच. घरातल्या ज्येष्ठांना ती स्वतः वाचता येते. तिसरा कागद म्हणजे अटींची जाड पुस्तिका. चौथा, आणि बहुतेकांकडे नसतो तो, पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोझल फॉर्मची प्रत. तुमच्या नावाने एजंटने काय लिहून दिलं, ते फक्त त्यातच दिसतं.

पॉलिसी नवी असेल तर हे काम पहिल्या ३० दिवसांतच करा. या मुदतीला फ्री-लूक म्हणतात. अटी पटल्या नाहीत तर पॉलिसी परत करता येते. तेवढ्या दिवसांचा विम्याचा आकार, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे मिळतात.

आता पेन्सिल घ्या. शेड्यूलवर नावांच्या स्पेलिंग, जन्मतारखा आणि नॉमिनी तपासा. आधार कार्डावर एक आणि पॉलिसीवर दुसरंच नाव असेल तर दुरुस्ती आजच मागा. ॲडमिट झाल्यावर या कामाला वेळ मिळत नाही. टीपीए असं लिहिलेलं दिसेल. ही कंपनीच्या वतीने क्लेमचे कागद तपासणारी वेगळी संस्था असते. तिचा फोन नंबर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पाच लाख म्हणजे कुणाचे पाच लाख?

सम इन्शुअर्ड म्हणजे वर्षभरात कंपनी जास्तीत जास्त किती देईल, तो आकडा. फॅमिली फ्लोटर असेल तर ही रक्कम सगळ्या घराची मिळून असते. जूनमध्ये आईच्या उपचारांत ४ लाख गेले, तर पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत घरातल्या सगळ्यांसाठी मिळून १ लाखच शिल्लक राहतो. काही पॉलिसींत रिस्टोरेशन असतं, म्हणजे संपलेली रक्कम पुन्हा भरून मिळते. पण त्याच आजारासाठी आणि त्याच माणसासाठी ती मिळते की नाही, हे प्रत्येक पॉलिसीत वेगळं असतं. पुस्तिकेत हा शब्द शोधून त्याखाली रेघ ओढा. बोनसचंही तसंच. क्लेम न केलेल्या वर्षांसाठी वाढलेली रक्कम शेड्यूलवर वेगळ्या ओळीत छापलेली असते.

हप्त्याबद्दल एकच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. आधी तो १८ टक्के होता. पावती तपासून घ्या.

रूम रेंट: इथेच सगळ्यात जास्त पैसे जातात

बाबांच्या पॉलिसीतली ती ओळ अशी होती: खोलीभाडं, विमा रकमेच्या १ टक्का प्रतिदिन. पाच लाखांचा १ टक्का म्हणजे ५ हजार. आम्ही ८ हजारांची डिलक्स खोली घेतली होती, कारण अमरावतीहून आत्या येणार होती आणि रात्री सोबत थांबणाऱ्याला झोपायला सोफा हवा होता. मनात हिशेब केला होता, रोजचे ३ हजार जास्तीचे, चार दिवसांचे १२ हजार, ते देऊ.

प्रत्यक्षात कापले गेले ५७ हजार. याला प्रपोर्शनेट डिडक्शन, म्हणजे प्रमाणशीर कपात म्हणतात. कंपनीचं म्हणणं असं की महागड्या खोलीत सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंगचे दरही चढे लागतात. म्हणून मंजूर भाडं आणि घेतलेलं भाडं यांचं जे प्रमाण, त्याच प्रमाणात तेही देणार. ५ हजार भागिले ८ हजार म्हणजे साडेबासष्ट टक्के. आता बिल बघा.

खोलीचे ३२ हजार होते, मिळाले २० हजार.
सर्जन, थिएटर, नर्सिंग वगैरेचे १ लाख २० हजार होते, मिळाले ७५ हजार.
औषधं, तपासण्या आणि साहित्याचे ६० हजार होते, ते पूर्ण मिळाले.

शेवटची ओळ पूर्ण का मिळाली, हे लक्षात ठेवा. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांच्या खर्चावर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चावरही नाही. काही ठिकाणी चुकून सगळ्याच बिलावर टक्केवारी लावलेली मी पाहिली आहे. कपातीचा कागद मागून एकेक ओळ तपासली, तर तिथल्या तिथे दुरुस्ती करून घेता येते.

आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती. ज्या हॉस्पिटलमध्ये खोलीनुसार इतर दर बदलत नाहीत, तिथे ही कपात लागू होत नाही. म्हणून धंतोली, रामदासपेठ, कुठेही ॲडमिट व्हा, आधी काउंटरवर दोन प्रश्न विचारा. "आमच्या पॉलिसीत रोजचे इतके रुपये बसतात, त्यात कोणती खोली येते?" आणि "खोली बदलली तर सर्जनची फी बदलते का?" दुसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर ते हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लिहून घ्या.

काही पॉलिसींत आकड्याऐवजी 'सिंगल प्रायव्हेट रूम' असं लिहिलेलं असतं. तीसुद्धा मर्यादाच आहे, डिलक्स किंवा स्वीट त्यात बसत नाही. नवी पॉलिसी घेत असाल तर रूम रेंटची मर्यादा नसलेली घ्या. हप्ता थोडा जास्त पडला तरी चालेल, हे माझं ठाम मत आहे.

याच पानावर सब-लिमिट शोधा. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे ठरावीक रक्कम, गुडघा बदलायला ठरावीक रक्कम, अशा मर्यादा असतात. एकूण रक्कम १० लाख असली तरी मोतीबिंदूसमोर ४० हजार लिहिलं असेल तर ४० हजारच मिळतात.

को-पे, डिडक्टिबल आणि टॉप-अप

को-पे म्हणजे प्रत्येक मंजूर क्लेममधला आपला वाटा. २० टक्के को-पे असेल तर ३ लाखांच्या क्लेमला ६० हजार आपले. ज्येष्ठांच्या पॉलिसींत तो बऱ्याचदा असतो, एजंटच्या बोलण्यात मात्र क्वचितच येतो. डिडक्टिबल म्हणजे ठरलेला आकडा ओलांडेपर्यंत सगळा खर्च आपला, त्यापुढचा कंपनीचा.

टॉप-अप म्हणजे आधीच्या पॉलिसीवर घेतलेला जादा विमा, तो डिडक्टिबलच्या पुढचा खर्च देतो. हे नीट समजलं की टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांतला फरक सोपा होतो. समजा दोन्हींत डिडक्टिबल ५ लाख आहे आणि एकाच वर्षात दोनदा ॲडमिट व्हावं लागलं, एकदा साडेतीन लाख आणि एकदा ४ लाख खर्च आला. साधा टॉप-अप प्रत्येक वेळचा खर्च वेगळा मोजतो. दोन्ही वेळा आकडा पाचाच्या आत, म्हणून एक रुपयाही मिळणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो. साडेसात लाखांतून पाच वजा, अडीच लाख मिळतील. ५ लाखांची पॉलिसी अपुरी वाटत असेल तर ती मोडू नका, वर सुपर टॉप-अप घ्या. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत, मिहानमधल्या कंपनीत नोकरी असेल आणि ऑफिसचा ग्रुप विमा मिळत असेल, त्यांनाही हेच सांगेन. ऑफिसचा विमा नोकरीबरोबर जातो.

वेटिंग पिरियड, आणि "लिहू नका" हा सल्ला

वेटिंग तीन तऱ्हेचं असतं. पॉलिसी सुरू झाल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून कशालाच पैसे मिळत नाहीत. मोतीबिंदू, हर्निया, खडे, गुडघे बदलणं अशा यादीतल्या आजारांना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. ही मुदत ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तिसरं, पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारांचं. त्याला प्री-एक्झिस्टिंग डिसीज, कागदावर पीईडी म्हणतात. याची कमाल मुदत आधी ४८ महिने होती, २०२४ पासून ३६ महिने झाली. पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं किंवा ज्यासाठी उपचार घेतले, तो पीईडी.

आमच्या गल्लीतल्या एका काकांना दहा वर्षांपासून बीपी. पॉलिसी घेताना एजंट म्हणाला, "काका, लिहू नका, हप्ता वाढेल." काकांनी विश्वासाने सही केली. दीड वर्षाने छातीत दुखून ॲडमिट झाले, ड्यूटीवरच्या डॉक्टरने विचारल्याप्रमाणे केस पेपरवर लिहिलं, बीपी दहा वर्षांपासून. क्लेम नामंजूर झाला. कारण दिलं नॉन-डिस्क्लोजर, म्हणजे माहिती लपवली. काकू मला म्हणाल्या, "लपवलं कुठे? त्याला तर तोंडाने सांगितलं होतं." पण तोंडी सांगितलेलं फॉर्मवर नव्हतं, आणि फॉर्मवर सही काकांची होती. ती फाइल हातात घेताना मला फार वाईट वाटलं. म्हणून कळकळीने सांगतो, बीपी, शुगर, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, रोजची गोळी, तंबाखू, सगळं लिहा. हप्ता थोडा वाढेल आणि काही महिने थांबावं लागेल, एवढंच.

आधीच्या पॉलिसीत काही राहून गेलं असेल तर आज कंपनीला लेखी कळवा. यातच मोरॅटोरियम हा शब्द समजून घ्या. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच नाकारता येतो. ही मुदत आधी आठ वर्षांची होती. 'सलग' हा शब्द महत्त्वाचा, म्हणून नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत, म्हणजे ग्रेस पिरियड मिळतो, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. कंपनी बदलायची असेल तर पोर्टेबिलिटीचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी करा. थांबून झालेले महिने नव्या कंपनीत धरले जातात.

ॲडमिट व्हायच्या दिवशी

कॅशलेस, म्हणजे कंपनीने हॉस्पिटलला थेट पैसे द्यायला हवे असतील तर हॉस्पिटल कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहे का, हे टीपीएला फोन करून त्या आठवड्यात विचारा, कारण यादी बदलत असते. ऑपरेशन ठरलेलं असेल तर दोन-तीन दिवस आधी कळवा. अचानक न्यावं लागलं तर २४ तासांच्या आत. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असा इर्डाईचा २०२४ चा नियम आहे. तीन तासांपुढे उशीर होऊन हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. काउंटरवर हा नियम शांतपणे सांगा, आणि मंजुरीची विनंती किती वाजता गेली ते लिहून ठेवा.

रिइम्बर्समेंट, म्हणजे आधी आपण भरून नंतर मागायचे पैसे, त्याला मूळ कागद लागतात. डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांसह औषधांची बिलं, सगळे रिपोर्ट, रद्द केलेला चेक. क्लेम फॉर्मचा दुसरा भाग हॉस्पिटलने भरायचा असतो, तो डिस्चार्जच्या दिवशीच भरून घ्या. सगळं देण्याआधी पानन्‌पान स्कॅन करा.

बाबांच्या वेळी ऑपरेशनच्या आठवडाभर आधीची सोनोग्राफी आणि नंतरची औषधं यांचे पैसे आम्ही वेगळे मागितले आणि मिळालेही. प्री आणि पोस्ट हॉस्पिटलायझेशन म्हणतात ते हेच. पॉलिसीत ३० आणि ६० किंवा ६० आणि ९० असे दिवस लिहिलेले असतात. लोक हा क्लेम करायचाच विसरतात.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचं ५ लाखांचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. ते कार्ड आधी काढून ठेवा.

गाडीचा विमा: अंबाझरीच्या पाण्याने शिकवलेलं

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि घराखाली उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. सकाळी अनेकांनी सगळ्यात आधी चावी फिरवली. इंजिनात पाणी असताना गाडी सुरू केली की आतले भाग मोडतात. साध्या पॉलिसीत कंपन्या याला पुराचं नुकसान न मानता नंतर ओढवलेलं नुकसान मानतात आणि इंजिनाचा खर्च नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर लागतं. सखल भागात राहत असाल तर ते घ्याच. गाडी पाण्यात दिसली तर चावी लावू नका, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा आणि ओढून न्या.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम. शोरूमच्या किमतीतून वयाप्रमाणे घट होते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के, म्हणजे ८ लाखांच्या गाडीचे ४ लाख ८० हजार. हप्ता वाचवायला आयडीव्ही खाली आणू नका. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला तर गाडी पूर्ण निकामी धरली जाते. झीरो डेप, म्हणजे भागांची घट न कापता पैसे देणारं कव्हर घेतलं नसेल तर प्लास्टिक आणि रबरच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढतो. तो मालकाचा असतो, गाडीचा नाही. गाडी विकली तर प्रमाणपत्र घेऊन नव्या गाडीवर वापरा. मात्र पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तो जातो.

दुचाकीवाल्यांनी एक तपासायलाच हवं. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा घ्यावा लागतो. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. दोन्ही तारखा कागदावर शेजारी शेजारी असतात. आपल्या गाडीच्या भागाची तारीख संपलेली असेल तर चोरीचे पैसे मिळणार नाहीत.

आयुर्विम्याबद्दल थोडक्यात

सम अशुअर्ड ही ठरलेली रक्कम आहे, तिथे बिल दाखवायचं नसतं. बोनस "हजारी ४०" सांगितला तर तो सम अशुअर्डवर, चक्रवाढ न धरता मोजायचा. ५ लाखांवर वर्षाला २० हजार, आणि हातात येणार मुदत संपल्यावर. सरेंडर व्हॅल्यू म्हणजे मधेच पॉलिसी मोडली तर मिळणारे पैसे. ते भरलेल्या हप्त्यांपेक्षा बरेच कमी असू शकतात. पेड-अप म्हणजे हप्ते थांबवले, पण विमा कमी रकमेवर चालू ठेवला. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, हे विमा कायद्याचं कलम ४५ सांगतं. लग्नानंतर नॉमिनी बदलायचा राहिला आहे का, ते बघा.

क्लेम नाकारला तर

नामंजुरीचं पत्र लेखी मागा. त्यात पॉलिसीचं कोणतं कलम लावलं, हे नमूद असायला हवं. ते कलम पुस्तिकेत काढून शब्दन्‌शब्द वाचा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि इर्डाईच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. नागपूरकरांच्या तक्रारी पुण्याच्या कार्यालयाकडे जातात, पण अर्ज ऑनलाइन करता येतो. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं. त्याच विषयावर ग्राहक आयोगात केस चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही, म्हणून क्रम चुकवू नका. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला पटला नाही तर नागपुरातल्या जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा राहतो.

गल्लीतल्या त्या काकांचा अर्ज आम्ही दोघांनी बसून भरला. तारखेप्रमाणे लावलेली पानं, वर एक पानाचा घटनाक्रम आणि काकांच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांचं बीपी आटोक्यात असल्याचं पत्र. प्रपोझल फॉर्मची प्रत मात्र काकांकडे नव्हतीच, ती कंपनीकडून मागवावी लागली आणि त्यातच तीन आठवडे गेले.